वाचनालय कोणाचे?

(गावोगावी सार्वजनिक वाचनालये आहेत, परंतु उर्दू माध्यमाचे विद्यार्थी तेथे फारसे दिसत नाहीत. असे का होते आणि त्यासाठी वाचनालयांनी व विद्यार्थ्यांनी काय करायला हवे, याविषयी एका शिक्षकाने प्रस्तुत पाठात आपले मत मांडले आहे.)



मागच्या जूनमध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा मी नववीच्या वर्गाला एक साधा प्रश्न विचारला. “गावातल्या सार्वजनिक वाचनालयात आजवर कोण कोण गेले आहे?” वर्गात पंचेचाळीस मुलेमुली होती. चार हात वर झाले. अधिक चौकशी केली, तेव्हा कळले की त्या चौघांपैकी दोघे पाऊस आला म्हणून वाचनालयाच्या पडवीत उभे राहिले होते. आत ते गेलेच नव्हते. वर्ग खळखळून हसला. मलाही हसू आले. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, ते आपलं नाही ना.”

माझे हसू तेथेच विरले. कारण ती मुलगी जे बोलली, तेच मीही तिच्या वयाचा असताना मानत होतो. ‘ते आपलं नाही’ या तीन शब्दांपायी माझी तीन वर्षे वाया गेली. तुमची जाऊ नयेत, म्हणून हा विषय मी आज तुमच्यापुढे मांडत आहे.

माझे अब्बा रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्या बदल्या होत असत. मी आठवीत असताना आम्ही ज्या गावी राहत होतो, तेथे स्टेशनच्या वाटेवर एक वाचनालय होते. बाहेर लाकडी फळीवर वर्तमानपत्र लावलेले असे. शाळेतून येताना मी ते उभ्याउभ्या वाचत असे. माझे मराठी वाचन अडखळत चाले. पण क्रिकेटचे पान वाचायला फार मराठी लागत नाही. दारातून आतली कपाटे दिसत. एके दिवशी धीर करून मी पायरी चढलो. टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “काय रे, कुठल्या शाळेत जातोस?” मी शाळेचे नाव सांगितले. ते म्हणाले, “मग तुला इथं काय मिळणार? तुमच्या भाषेची पुस्तकं नाहीत आमच्याकडे.”

ते रागावून बोलले नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटत असावे. पण मी जो पायरी उतरलो, तो तीन वर्षे त्या दाराकडे फिरकलो नाही. बाहेरचे वर्तमानपत्र वाचणेही सोडले.

पुढे अकरावीत आम्हांला मराठी शिकवणाऱ्या मॅडमना हे कळले. त्या स्वतः मला तेथे घेऊन गेल्या. त्यांनी मला अर्ज भरायला लावला आणि जामीन म्हणून स्वतः सही केली. टेबलाशी तेच गृहस्थ होते. त्यांनी मुकाट्याने कार्ड तयार करून दिले. नंतरच्या वर्षात त्याच गृहस्थांनी माझ्यासाठी कितीतरी पुस्तके बाजूला काढून ठेवली. आज मागे वळून पाहतो, तेव्हा वाटते की चूक दोघांचीही होती. त्यांनी एका वाक्यात मला परत पाठवले, आणि मी एका वाक्यावर परत फिरलो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सार्वजनिक वाचनालय कोणाचे असते?

दौंडच्या मुलांना हे रेल्वेच्या उदाहरणाने लवकर समजेल. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि आपले गाव जंक्शन बनले. तेव्हापासून या स्टेशनावर नाना भाषा बोलणारे लोक चढतात, उतरतात. गाडी कोणाची आहे, असे तेथे कोणी विचारत नाही. तिकीट काढले की गाडीत बसण्याचा हक्क मिळतो. वाचनालयाचेही तसेच आहे.

पूर्वी मात्र असे नव्हते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मध्ये सुरू झाले. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. ही आपल्या राज्यातील फार जुनी वाचनालये. त्या काळी वर्गणी भरू शकणारे आणि वाचता येणारे लोकच थोडे होते. त्यामुळे वाचनालय ही मूठभर शिकलेल्या लोकांची वस्तू होती. ते सर्वांसाठी असावे आणि मोफत असावे, हा विचार बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मोठ्या प्रमाणावर अमलात आणला. सयाजीरावांचा जन्म मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यातला. लहानपणी त्यांना शाळा मिळाली नव्हती. कदाचित म्हणूनच पुस्तकाची किंमत त्यांना नेमकी ठाऊक होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञांना बडोद्यास बोलावले आणि संस्थानात गावोगावी मोफत वाचनालयांचे जाळे विणायला सुरुवात केली. जेथे वाचनालय उभारणे शक्य नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. एका गावाने पुस्तके वाचली की पेटी पुढच्या गावी जाई.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्याने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. तो १ मे १९६८ पासून अमलात आला. या कायद्यानुसार शासन वाचनालयांना मान्यता देते, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरवते आणि त्यांना अनुदान देते. आज राज्यात अशी हजारो वाचनालये आहेत. तमिळनाडूसारख्या काही राज्यांत घरपट्टीबरोबर ग्रंथालयांसाठी वेगळा कर घेतला जातो. महाराष्ट्रात तसा वेगळा कर नाही. येथे अनुदान थेट राज्याच्या तिजोरीतून जाते. ही तिजोरी कोण भरते? तुमच्या घरी साबणाची वडी येते, तिच्या किमतीत कर असतो. तुमच्या चपलांची, मोबाइलच्या रिचार्जची हीच गोष्ट. म्हणजे वाचनालयाच्या कपाटातील पुस्तकांत तुमच्या अम्मी-अब्बांचेही चार पैसे आहेत. मग ते आपले नाही, असे कसे म्हणता येईल?

यावर तुम्ही म्हणाल, “सर, हक्क आहे हे खरे, पण तेथे सगळी पुस्तके मराठीत. आम्ही वाचणार काय?”

या आक्षेपात तथ्य आहे. सार्वजनिक वाचनालयात उर्दू पुस्तकांचेही एक कपाट असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याविषयी मी पुढे बोलणारच आहे. परंतु मराठी पुस्तक म्हणजे परक्याचे पुस्तक, ही समजूत आधी मनातून काढून टाका. आपल्या गावातून मनमाडकडे जाणारी गाडी भीमा नदी ओलांडते आणि थोड्याच वेळात श्रीगोंदा रोड स्टेशन येते. त्या श्रीगोंद्याला सतराव्या शतकात शेख महंमद नावाचे संत होऊन गेले. जन्माने मुसलमान असलेल्या या सत्पुरुषाने ‘योगसंग्राम’ हा मोठा ग्रंथ मराठीत, ओवीमध्ये लिहिला. मराठी संतसाहित्याचा इतिहास त्यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. अगदी अलीकडचे उदाहरण सांगतो. १९९० मध्ये पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण. जुन्या हस्तलिखितांचा आणि संतवाङ्मयाचा अभ्यास करण्यात त्यांनी आपले आयुष्य घालवले. ज्या भाषेत आपल्या शेजारच्या गावच्या शेख महंमदांनी ग्रंथ लिहिला, ती भाषा आपल्याला परकी कशी?

आणखी एक गंमत पाहा. वाचनालयाचे सभासद व्हायचे तर काय करावे लागते? आधी ‘अर्ज’ भरायचा. त्यावर ‘तारीख’ घालायची. खाली ‘सही’ करायची. शाळेचा ‘दाखला’ जोडायचा. कोणाला तरी ‘जामीन’ ठेवायचे आणि ‘अनामत’ ‘रक्कम’ ‘जमा’ करायची. यांतला एकतरी शब्द तुम्हांला नवा आहे का? हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत असे मिसळून गेले, की मराठी माणसाला ते आपल्या आजीइतकेच जवळचे वाटतात. भाषेच्या घरात तुमचे सामान आधीच येऊन पडले आहे. तुम्ही तेवढे बाहेर उभे आहात.

मराठी वाचण्याचा दुसरा फायदा रोजच्या व्यवहाराचा आहे. उद्या तुम्हांला पोलीस भरतीचा अर्ज करायचा असेल, तलाठ्याकडून सातबारा घ्यायचा असेल, अब्बांच्या नावे आलेली नोटीस वाचायची असेल, तर ती मराठीतच असणार. जो मुलगा फक्त परीक्षेपुरते मराठी वाचतो, तो अशा वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतो. कागद वाचून दाखवणारा नेहमी खरेच सांगेल, याची खात्री कोण देणार? ही ताकद पाठ्यपुस्तकातल्या वीस पाठांनी येत नाही. त्यासाठी गोष्टी, प्रवासवर्णने, चरित्रे, वर्तमानपत्रे असे भरपूर आणि आवडीचे वाचन करावे लागते. एवढी पुस्तके विकत घेणे आपल्यापैकी फार थोड्यांना परवडेल. म्हणून वाचनालय हवे.

तुमचा दुसरा आक्षेपही मला ठाऊक आहे. “सर, घरात जागा नाही, वेळ नाही. अभ्यासच होत नाही, तर वाचन कोठून होणार?”

घरात जागा नसणाऱ्यांनाच वाचनालयाची गरज सर्वांत जास्त असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत शाळेत शिकत होते, तेव्हा त्यांचे कुटुंब परळच्या चाळीतल्या लहानशा खोलीत राहत होते. शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक त्याच बागेत येत. या मुलाची ओढ पाहून त्यांनी त्याला पुस्तके द्यायला सुरुवात केली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला, तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्याला भेट दिले. पुढे केळुसकरांच्याच प्रयत्नाने सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती त्याला मिळाली. एका बागेतला बाक, एक पुस्तक आणि आपुलकीने विचारणारा एक माणूस, एवढ्यावर ही गोष्ट सुरू झाली. आज अनेक वाचनालयांना जोडून अभ्यासिका असतात. तेथे दिवा असतो, पंखा असतो, बसायला खुर्ची असते आणि मुख्य म्हणजे शांतता असते. दहावीच्या मुलाला याहून वेगळे काय हवे?

मुलींची अडचण मात्र निराळी आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. संध्याकाळी घराबाहेर पडायचे, अनोळखी माणसांत बसायचे, याला घरातून नकार येतो. अशा वेळी वाचनालयानेच मुलींपर्यंत जायला हवे. हे करता येते, याची उदाहरणे आहेत. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जानेवारी २०२१ मध्ये कोरोनामुळे शाळा बंद असताना मरियम नावाच्या एका शाळकरी मुलीने आपली स्वतःची पुस्तके वस्तीतील मुलांसाठी खुली केली. त्यातून मोहल्ला बालवाचनालयांची चळवळ उभी राहिली. एकामागून एक मोहल्ल्यांत अशी लहान लहान वाचनालये निघाली. तेथे उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तके शेजारी शेजारी असतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ पासून सुरू केला. त्यात शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. सयाजीरावांची पेटी शंभर वर्षांनी पुन्हा फिरू लागली, असेच म्हणायला हवे.

आणि मुलींनो, पुस्तकांचे जग आपल्या तालुक्यातील स्त्रियांना नवे नाही. पुण्याहून दौंडला येताना केडगाव स्टेशन लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना त्यांनी येथे आणले, लिहायला-वाचायला शिकवले आणि हाताला काम दिले. त्या कामांत छापखान्याचे कामही होते. ज्या काळात बहुतेक घरांत मुलीच्या हाती पाटीही देत नसत, त्या काळात केडगावच्या मुली खिळे जुळवून पुस्तके छापत होत्या. तुम्हांला तर छापलेले पुस्तक फक्त उघडायचे आहे.

तिसरा आक्षेप मोबाइलचा. “सगळे मोबाइलवर मिळते, मग वाचनालय कशाला?” मोबाइलचा मी शत्रू नाही. त्यावर शब्दाचा अर्थ चटकन सापडतो, दूरच्या ग्रंथालयातले दुर्मीळ पुस्तकही कधी कधी वाचायला मिळते. पण मोबाइल आपल्याला एका जागी बसू देत नाही. दोन पाने झाली की तो खांद्यावर हात ठेवून दुसरीकडे बोलावतो. वाचनालयात तसे बोलावणारे कोणी नसते. शिवाय घरात एकच मोबाइल आणि तो अब्बांसोबत कामावर गेलेला, ही अनेकांची स्थिती मला माहीत आहे.

आता वाचनालयांतील कार्यक्रमांविषयी. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्या वर्षात वाचनालयांसाठी महत्त्वाचे असे अनेक दिवस येतात. १२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. ९ नोव्हेंबरला, अल्लामा इक्बाल यांच्या जन्मदिनी, उर्दू दिवस असतो. १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती येते. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असतो.

यांतील अनेक दिवशी वाचनालयांत कार्यक्रम होतात. परंतु पुष्कळ ठिकाणी कार्यक्रम म्हणजे काय, तर फोटोला हार, पाहुण्यांचे भाषण, आभार आणि चहा. दुसऱ्या दिवशी कपाट होते तसेच बंद. माझ्या मते ज्या कार्यक्रमानंतर एकही नवे पुस्तक कोणाच्या घरी गेले नाही, तो कार्यक्रम फुकट गेला. वाचन प्रेरणा दिनाचेच पाहा. कलामसाहेब लहानपणी रामेश्वरमला वर्तमानपत्रे वाटत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा चालत्या गाडीतून वर्तमानपत्रांचे गठ्ठे खाली टाकत आणि ते गोळा करून वाटावे लागत. वाचायची आवड असलेल्या या मुलाला गावातील एका गृहस्थांनी आपल्या घरची पुस्तके वाचायला दिली. त्या मुलाच्या जन्मदिवशी आपण हार घालतो. पण त्याच्यासारख्याच मुलाला पुस्तक देतो का? त्या दिवशी दहा नवी मुले सभासद झाली, तर तो दिवस खरा साजरा झाला असे मी म्हणेन.

म्हणून गावातील वाचनालयांना माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, एक कपाट उर्दू पुस्तकांचे करावे. त्यात बालसाहित्य, चरित्रे आणि विज्ञानाची पुस्तके असावीत. एकाच पुस्तकाच्या उर्दू आणि मराठी आवृत्त्या शेजारी ठेवल्या, तर फारच उत्तम. कलामसाहेबांचे आत्मचरित्र दोन्ही भाषांत आहे. ते उर्दूत वाचलेला मुलगा उत्सुकतेने मराठी ‘अग्निपंख’ही हाती घेईल. दुसरी, शाळा सुटल्यानंतरचा ठरावीक वेळ मुलींसाठी राखून ठेवावा. तिसरी, महिन्यातून एकदा पुस्तकांची पेटी शाळेत पाठवावी. चौथी विनंती बिनखर्चाची आहे. दाराशी आलेल्या मुलाला “कुठल्या शाळेत?” असे विचारण्याआधी “काय वाचायला आवडेल?” असे विचारावे.

वाचनालये हे सहज करू शकतील, असे मी म्हणत नाही. अनेक लहान वाचनालयांत एकच माणूस पुस्तके देतो, नोंदी ठेवतो, झाडूही मारतो आणि त्याचा पगार फार तुटपुंजा असतो. अनुदान मोजके असते. परंतु वाचक वाढले, की मागणी करायलाही बळ येते. रिकाम्या वाचनालयासाठी कोण भांडणार? दारे उघडी राहायची असतील, तर आत माणसे हवीत. म्हणून निम्मी जबाबदारी तुमची आहे.

तुम्ही काय करायचे, ते आता सांगतो. एकट्याने जायला संकोच वाटत असेल, तर तिघेचौघे मिळून जा. बालविभागाची वर्गणी किती, वेळ कोणती, हे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. पहिल्याच दिवशी जाडजूड कादंबरी घेऊ नका. पातळ पुस्तक घ्या, पण पुरे करा. हवे ते पुस्तक नसेल, तर मागणीच्या वहीत त्याचे नाव लिहून या. एका मुलाने मागितले तर ती आवड ठरते, वीस मुलांनी मागितले तर ती गरज ठरते.

आणि घेतलेले पुस्तक वेळेवर, नीट परत करा. तुम्ही जी रक्कम ठेवता, तिला ‘अनामत’ म्हणतात, हे वर आलेच आहे. हा शब्द आपल्या ‘अमानत’चेच मराठी रूप आहे. अमानत म्हणजे काय, हे तुम्हांला घरात शिकवलेले आहे. ती जशी मिळाली, तशी परत करायची असते. पुस्तकाचे पान दुमडू नका, त्यावर रेघा ओढू नका. तुमच्या मागे कोणीतरी त्या पुस्तकासाठी थांबलेले आहे. १८९१ मध्ये पाटण्याच्या खुदाबख्श खान यांनी आपला अनमोल ग्रंथसंग्रह लोकांसाठी खुला केला. एका माणसाने विश्वासाने लोकांच्या हाती दिलेले ते ग्रंथ आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही अभ्यासकांना वाचायला मिळतात. अमानत जपली, की ती अशी पिढ्यान्‌पिढ्या चालते.

शेवटी त्या मुलीविषयी. ती आता दहावीत आहे. जानेवारीत वर्गातल्या दोन मैत्रिणींना घेऊन ती वाचनालयात गेली. तिच्या अम्मी दाराशी थांबल्या होत्या. तिघींनी अर्ज भरले. पुस्तक घेण्याआधी तिने मागणीची वही मागितली आणि एका उर्दू पुस्तकाचे नाव लिहिले. ते पुस्तक अजून आलेले नाही. ती दर शनिवारी जाते, मराठी पुस्तक बदलून आणते आणि निघताना विचारते, “काका, आमचं पुस्तक आलं का?”

परवा मला म्हणाली, “सर, काकांनी यादीत नाव टाकलंय. आपल्या वाचनालयात येईल ते.”

‘आपल्या’ हा शब्द ती सहज बोलून गेली.

शब्दार्थ

पडवी – घराच्या पुढची छपराखालची जागा. जामीन – हमी देणारा माणूस. अनुदान – शासनाकडून मिळणारी आर्थिक मदत. आक्षेप – हरकत. हस्तलिखित – हाताने लिहिलेला ग्रंथ. अभ्यासिका – अभ्यासाला बसण्याची जागा. खिळे – छपाईसाठी वापरत ती धातूची अक्षरे. तुटपुंजा – अपुरा.

स्वाध्याय

१. ‘सर, ते आपलं नाही ना,’ हे ऐकून लेखकाचे हसू का विरले?
२. ‘चूक दोघांचीही होती,’ असे लेखक का म्हणतो? तुम्हांला ते पटते का?
३. लेखकाने वाचनालयांना केलेल्या चार विनंत्या तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘अनामत’प्रमाणे उर्दूत आणि मराठीत चालणारे दहा शब्द शोधा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या गावातील वाचनालयाला भेट द्या. वेळ, वर्गणी आणि तेथील कार्यक्रम यांची माहिती घेऊन दहा ओळी लिहा.